धुऱ्यावरची बिळे

नकाशात पाहिले तर पांढुर्णा आणि सौंसर ही दोन्ही गावे मध्य प्रदेशात आहेत. बाजारात उतरून पाहिले तर मात्र कानावर मराठी पडते. दुकानाच्या पाट्या हिंदीत, तहसिलीतले अर्ज हिंदीत, आणि भाव करताना, भांडताना, लेकराला हाक मारताना मराठी. आपल्या भागातल्या माणसाला याचे फार नवल वाटायला नको. आपणही पाटी एका भाषेत वाचतो आणि घरी दुसऱ्या भाषेत जेवायला बसतो.

योगायोग असा, की त्यांची आणि आपली तारीखही एकच. १ नोव्हेंबर १९५६. त्या दिवशी राज्यांची पुनर्रचना झाली. बेळगाव, धारवाड, विजापूर आणि कारवारचा मुलूख मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. त्याच दिवशी नागपूरसह विदर्भाचे आठ जिल्हे जुन्या मध्य प्रदेशातून निघून द्विभाषिक मुंबई राज्यात आले, आणि छिंदवाडा जिल्हा मागे मध्य प्रदेशात राहिला. पांढुर्णा आणि सौंसर हे त्या जिल्ह्याचे दक्षिणेकडचे तालुके. नागपूर ही तोवर त्यांची राजधानी होती, दुसऱ्या दिवसापासून ते शेजारच्या राज्यातले शहर झाले. २०२३ सालच्या ऑक्टोबरात या दोन तालुक्यांचा मिळून पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला. तरी दवाखाना, लग्नाचा बस्ता आणि संत्र्याचा व्यापार यांसाठी पाय वळतात ते नागपूरकडेच.

उन्हाळी सुटीत मी या भागात आठवडाभर राहून आलो. निमित्त एका स्नेह्यांच्या संत्र्याच्या बागेचे. पाहायला गेलो संत्री आणि परत आलो ते डोक्यात उंदीर घेऊन. हा लेख त्या उंदरांचाच आहे.

नागपूरहून सावनेरमार्गे सौंसरचा रस्ता धरला की हळूहळू सातपुड्याच्या पायथ्याची जमीन सुरू होते. काळी कसदार माती, मध्येच मुरमाड टेकडी, पळसाची झाडे आणि कन्हान, जाम यांसारख्या नद्या. कपाशी, सोयाबीन, मका, हरभरा, गहू आणि संत्री ही इथली पिके. जमिनीखाली मँगनीज आहे. भूगर्भशास्त्राच्या पुस्तकांत या प्रकारच्या खडकांच्या समूहाला सौंसरचेच नाव दिलेले आहे. सौंसरजवळ जामसावळीला मारुतीचे देऊळ आहे. तिथला मारुती उभा नाही, आडवा पहुडलेला आहे, आणि शनिवारी-मंगळवारी त्याच्या दर्शनाला नागपूरपासून माणसे येतात. एकेकाळी हा सारा मुलूख देवगडच्या गोंड राजांचा होता. नागपूर शहर वसवणारा बख्त बुलंद याच घराण्यातला.

तिथले शेतीचे शब्द मी वहीत लिहून घेतले. शेताला ते वावर म्हणतात, गोठ्याला कोठा म्हणतात. दोन शेतांमधल्या बांधाला त्यांचा शब्द आहे धुरा. आपल्याकडे मराठीत बांध, कन्नडमध्ये बदु. आपण बीळ म्हणतो, कन्नडमध्ये बिल म्हणतात, आणि सौंसरच्या माणसाला यातला कुठलाही शब्द सांगितला तरी तो धुऱ्याकडेच बोट दाखवतो. कारण बिळे तिथेच असतात.

स्नेह्यांची बाग पांढुर्ण्यापासून थोड्या अंतरावर आहे. आंबिया बहार धरलेला. या बहाराची फुले जानेवारी-फेब्रुवारीत येतात, म्हणजे ऐन मे महिन्यात झाडावर लिंबाएवढी हिरवी फळे असतात. त्या दिवसांत पाणी चुकले तर फळगळ होते आणि वर्षाचे उत्पन्न मातीत जाते. म्हणून ठिबक बसवलेले. सकाळी आम्ही बागेत गेलो तर तीन ओळींमध्ये झाडाखाली पाण्याची थारोळी आणि पुढची झाडे कोरडी. नळ्या कुरतडलेल्या होत्या. दातांच्या खुणा इतक्या स्वच्छ, की कुणी कानसीने घासले असावे असे वाटावे.

"रोजचं हाय हे," स्नेही म्हणाले. "आज ह्या ओळी, उद्या त्या. नळी जोडू का झाड पाहू?"

उंदीर प्लास्टिक खात नाही, मग नळी का कुरतडतो? एक कारण त्याच्या दातांत आहे. उंदराचे पुढचे दात जन्मभर वाढत राहतात. ते झिजवले नाहीत तर त्याला तोंड मिटता येणार नाही. म्हणून तो लाकूड, साबण, वायर, नळी असे जे मिळेल ते कुरतडतो. दुसरे कारण उन्हाळ्याचे. ओढा आटलेला, जमीन भेगाळलेली, आणि नळीत पाण्याची चाहूल. काही शेतकरी यासाठी धुऱ्याजवळ मातीच्या पसरट भांड्यांत पाणी भरून ठेवतात, म्हणजे तहानलेला उंदीर नळीकडे वळत नाही. त्याने नुकसान कमी होते, उंदीर कमी होत नाहीत.

उंदीर म्हटले की आपल्यासमोर घरातला काळसर, लांब शेपटीचा उंदीर येतो. शेतातली मंडळी वेगळी असतात. सर्वांत त्रासाची ती घुशीच्या जातीची लहान बहीण, जिला आपल्याकडचे कन्नड शेतकरी हेग्गणाच्याच घरातली मानतात. ती बिळाच्या तोंडाशी उकरलेल्या मातीचा ढीग घालते, आतून तोंड बुजवून घेते आणि आत कोठारे करून धान्य साठवते. सुगीत तिचे बीळ खणले तर ओंब्यांचा साठा हाती लागतो. दुसरा मऊ केसांचा शेतउंदीर, काळ्या मातीच्या भेगांत राहणारा. शिवाय अंगठ्याएवढी शेतचिचुंद्री वाटावी अशी बारकी उंदरे. प्रत्येकाची रीत निराळी, पण एक गोष्ट समान. मादी तीन आठवड्यांत विते, एका वेळी पाच-सात पिल्ले होतात, आणि ती पिल्ले तीनेक महिन्यांत स्वतः वीण घालू लागतात. पावसाळ्यानंतर पीक उभे असते, खाणे मुबलक असते, तेव्हा ही वाढ जोरात होते. म्हणून उंदरांवर उपाय करायचा तो पेरणीआधी, मे-जूनमध्ये. तेव्हा ते संख्येने कमी असतात आणि भुकेले असतात, त्यामुळे आमिषाला येतात. पीक भरल्यावर ओंबी सोडून तुमची भरड खायला कोण येतो?

हे सारे स्नेह्यांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होते. अडचण वेगळीच होती. त्यांच्या वावराच्या पूर्वेला चुलतभावाचे वावर. मधला धुरा चांगला चार-पाच हात रुंद, गवताने माजलेला, बोराटीची झुडपे वाढलेली. वाटणी झाल्यापासून दोन्ही घरे एकमेकांशी बोलत नाहीत. धुरा कुणी साफ करायचा, हाच भांडणाचा मुद्दा. एकाने कुदळ लावली की दुसरा म्हणणार, माझ्या बाजूची माती ओढली. म्हणून कित्येक वर्षांत त्या धुऱ्याला कुणी हात लावलेला नाही. नांगर दोन्हीकडून येतो आणि तिथे येऊन वळतो. उंदराला आणखी काय हवे? न नांगरलेली जमीन, वर सावली, आणि दोन्ही हातांना जेवण.

स्नेह्यांच्या आईंनी हे एका वाक्यात सांगितले. ओसरीवर तूर निवडत बसल्या होत्या. म्हणाल्या, "धुरा कोनाचाच नाई न बापा, म्हून तो उंदराचा."

त्याच आईंची दुसरी अट होती, घरात जहर आणायचे नाही. अट वाऱ्यावर सोडून देण्यासारखी नव्हती. घरात तीन वर्षांचा पणतू आणि दोन मांजरी. आपल्याकडेही कृषी सेवा केंद्रात गेले की काळसर भुकटीची पुडी सहज हातात येते. ती झिंक फॉस्फाइडची. पोटातल्या आम्लाशी तिचा संबंध आला की विषारी वायू तयार होतो आणि उंदीर काही तासांत मरतो. माणसाच्या पोटातही तेच होते, आणि त्यावर उतारा नाही. धान्याच्या कोठीत ठेवायच्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्यांतूनही तोच वायू निघतो. या गोळ्या सामान्य माणसाला मोकळ्या विकायला परवानगी नाही, जाणकार माणसाच्या देखरेखीखालीच त्या वापरायच्या असतात. तरीही कोठीशेजारच्या बंद खोलीत झोपलेली माणसे सकाळी उठली नाहीत, अशा बातम्या आपण वाचतो. या गोळ्यांनी आणि भुकटीने किती घरांत कुणी रागाच्या भरात जीव दिला, हेही खेड्यात सर्वांना ठाऊक असते. आईंनी ते बोलून दाखवले नाही. पुडी घरात नको एवढेच त्या म्हणत राहिल्या.

रक्त गोठू न देणारे दुसऱ्या जातीचे विष मिळते, ब्रोमॅडिओलोनच्या तयार वड्या. त्याने उंदीर चार-सहा दिवसांनी मरतो. त्यामुळे आपला सोबती कशाने गेला हे बाकीच्यांना उमगत नाही आणि ते खात राहतात. यावर व्हिटॅमिन के-१ हा उतारा आहे. पण असा विषारी उंदीर मांजराने किंवा घुबडाने खाल्ला तर विष त्यांच्याही पोटात जाते. म्हणजे ज्यांनी आपले काम फुकट केले असते, त्यांनाच आपण मारतो.

उंदराचा स्वभाव समजून घेतल्याशिवाय कुठलाच उपाय लागू पडत नाही. तो नव्या वस्तूला बिचकतो. सापळा ठेवला तर दोन-तीन दिवस तो लांबूनच पाहतो. नवे खाणे दिसले तर चिमूटभर चाखतो आणि वाट पाहतो. त्याला उलटी करता येत नाही, म्हणून निसर्गाने त्याला ही सावधगिरी दिली असावी. पहिल्याच दिवशी विष ठेवले तर थोडे खाऊन तो आजारी पडतो आणि पुन्हा त्या खाण्याकडे फिरकत नाही. म्हणून कृषी शास्त्रज्ञ सांगतात, आधी दोन-तीन दिवस तेल लावलेली साधी भरड द्या. त्याचा विश्वास बसू द्या.

आणि त्याही आधी बिळे मोजा. ही पद्धत मला सर्वांत आवडली. संध्याकाळी धुऱ्यावरचे प्रत्येक बीळ मातीने बुजवायचे. सकाळी जाऊन पाहायचे. जे उघडलेले दिसेल त्यात उंदीर आहे, त्याशेजारी काठी रोवायची. जे बंदच राहिले ते रिकामे. यामुळे औषध, वेळ आणि कष्ट नेमके तिथेच खर्च होतात. जोधपूरच्या केंद्रीय संशोधन संस्थेत १९७७ पासून उंदीर नियंत्रणाचा अखिल भारतीय प्रकल्प चालला. तिथल्या शास्त्रज्ञांनी वर्षानुवर्षे जी गोष्ट सांगितली ती हीच, की एकट्याच्या शेतात काही करून उपयोग नाही. एका शेतातले उंदीर मारले की मोकळ्या झालेल्या बिळांत शेजारचे उंदीर राहायला येतात. सगळ्या शिवाराने एकाच दिवशी सुरुवात केली तरच फरक पडतो.

इथे गाडी पुन्हा धुऱ्यावर येऊन थांबली. दोन्हीकडच्यांनी मिळून करायचे, पण विचारायचे कुणी?

मला जॉर्डन नदीकाठची गोष्ट आठवली, ती मी जेवताना सांगितली. इस्राएलमध्ये १९८०च्या दशकात एका सामुदायिक शेतीत गव्हाणी घुबडांसाठी लाकडी पेट्या लावायला सुरुवात झाली. हे घुबड म्हणजे पांढऱ्या, बदामाच्या आकाराच्या चेहऱ्याचे, आपल्याकडे जुन्या वाड्यांत आणि देवळांत राहणारे. पिल्ले असलेली जोडी एका रात्रीत अनेक उंदीर उचलते. पेट्या वाढल्या, विषाचा वापर कमी झाला. पण घुबडे नदी ओलांडून पलीकडे जॉर्डनमध्ये जात आणि तिथल्या शेतांतले विषारी उंदीर खाऊन मरत. शेवटी २००२च्या सुमारास दोन्ही देशांचे शास्त्रज्ञ आणि शेतकरी एकत्र आले. यांत जॉर्डनच्या लष्करातले एक निवृत्त सेनाधिकारीही होते. ज्या देशांनी एकमेकांशी युद्धे केली, त्यांनी घुबडासाठी एकत्र बसायचे ठरवले. तिथल्या अरब शेतकऱ्यांतही घुबड अशुभ मानले जाई. आपल्याकडे 'गूबे' ही शिवी आहे आणि घरावर घुबड बसले की आपण दगड उचलतो. लक्ष्मीचे वाहनही तेच, हे मात्र सोयीने विसरतो. पुण्याच्या इला फाउंडेशनने २०१८ साली पुरंदर तालुक्यातल्या पिंगोरीत घुबडांचा उत्सव भरवला, तो हीच भीती घालवण्यासाठी.

धामणीचेही तसेच. आपले कन्नड शेतकरी तिला केरे हावु म्हणतात. ती बिनविषारी. गायीच्या पायाला विळखा घालून दूध पिते, शेपटीने म्हशीला मारते, असले आरोप तिच्यावर इकडेही आहेत आणि तिकडेही. दोन्ही खोटे. धामण थेट बिळात शिरून पिल्लांसह उंदीर फस्त करते, हे काम ना मांजर करू शकते ना घुबड.

आईंनी सगळे ऐकून घेतले. मग नातसुनेला म्हणाल्या, "जा, तुझ्या जावेले सांग, संध्याकाळी पोराइले पाठव धुऱ्यावर. उंदीर तिच्याही वावरात खाते म्हना." दोन घरचे पुरुष बोलत नसले तरी बायकांचे विहिरीवरचे बोलणे चालू होते, हे मला तेव्हा कळले.

त्या संध्याकाळी धुऱ्याच्या दोन्ही बाजूंनी पोरे खाली वाकून बिळे बुजवत होती. चुलतभाऊ लांब आपल्या विहिरीच्या कठड्यावर बसून पाहत होते. दुसऱ्या दिवशी सकाळी काठ्या रोवताना ते जवळ आले. "ते बोराटीखालचं राहिलं," एवढेच म्हणाले. मग दोघे भाऊ गुडघ्यावर बसले आणि झुडूप कापू लागले. समेट वगैरे काही झाला नाही. जमिनीचा तंटा अजून तसाच आहे. पण धुरा कसा ठेवायचा हे त्यांनी त्या सकाळी ठरवले. रुंदी निम्मी, गवत दर महिन्याला कापायचे, एक महिना यांनी, एक महिना त्यांनी. आमिष लावायला गावातला एक जाणता माणूस बोलावला. पुडी त्याच्याच पिशवीत आली आणि उरलेली त्याच्याच पिशवीत परत गेली. हातमोजे घालून, कागदाच्या पुरचुंडीत, बिळाच्या आत. मेलेले उंदीर रोज सकाळी गोळा करून खोल पुरले. त्या दिवसांत मांजरी घरात बांधून ठेवल्या. घरासाठी आईंनी फक्त पिंजरे आणि पत्रा चालवून घेतला. दाराखालची फट पत्र्याने बंद केली, धान्याच्या पोत्यांखाली लाकडी फळ्या घालून ती भिंतीपासून हातभर दूर ठेवली.

पांढुर्ण्याला आलात तर लोक तुम्हाला जाम नदीचे पात्र दाखवतील. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नदीच्या मधोमध पळसाचे झाड रोवून त्यावर झेंडा लावतात, आणि एका काठाचे पांढुर्णेकर व दुसऱ्या काठाचे सावरगावकर एकमेकांवर दगड भिरकावतात. ही गोटमार. दरवर्षी माणसे जखमी होतात, काहींचे जीवही गेले आहेत. दंतकथा आहे ती एका काठाचा मुलगा आणि दुसऱ्या काठाची मुलगी यांच्या पळून जाण्याची. दुसऱ्या दिवसापासून हीच माणसे एकमेकांच्या दुकानात जातात, सोयरिकी जुळवतात. मी नदीकाठी उभा होतो तेव्हा पात्र कोरडे होते आणि दोन्हीकडची पोरे त्यात क्रिकेट खेळत होती.

उंदीर हा विषय हसण्यावारी नेण्याचा नाही, हे आपल्या जुन्या पिढीला सांगावे लागत नसे. १८९६ साली मुंबईत आलेला प्लेग पुढच्या एक-दोन वर्षांत आपल्या भागात पोहोचला आणि माणसे गाव सोडून माळावर झोपड्यांत राहिली. अनंतमूर्तींच्या 'संस्कार' कादंबरीत अग्रहारात मरून पडणारे उंदीर आपल्यातल्या अनेकांनी वाचले असतील. ते फार जुने म्हणावे, तर ३० सप्टेंबर १९९३ला किल्लारीचा भूकंप झाला. घरे पडली, लोक बाहेर राहायला गेले, धान्य आत राहिले. पुढच्या वर्षी बीड जिल्ह्यातल्या मामला गावात आणि नंतर सुरतेत प्लेगच्या बातम्या आल्या. बीडकडे उंदीर माजण्याचे कारण तेव्हा हेच सांगितले गेले. शिवाय पावसाळ्यात उंदराच्या मुतातून होणारा लेप्टोचा ताप आहेच.

आपल्याकडे गणपतीच्या दुसऱ्या दिवशी कित्येक घरांत उंदरी होते. उंदीरमामाला नैवेद्य दाखवतात, आमच्या पिकाला त्रास देऊ नको म्हणतात. काही कन्नड घरांत इलिवार पाळतात, त्या दिवशी उंदराचा राग करायचा नाही. ही पूजा जरूर करावी. पण तिच्याआधी तीन महिने, मृग लागण्यापूर्वी, एक संध्याकाळ बांधावर जावे आणि बिळे बुजवावीत. पलीकडच्या शेतकऱ्यालाही बरोबर घ्यावे. त्याला मराठीत हाक मारायची की कन्नडमध्ये, ते तुम्हाला ठाऊकच आहे.

पोळ्याच्या आठवड्यात स्नेह्यांचा फोन आला होता. ठिबकची नळी जून-जुलैत दोनदाच जोडावी लागली म्हणाले. धुऱ्यावर दोघांनी मिळून घुबडासाठी एक पेटी उभारली आहे, खर्च अर्धा-अर्धा. घुबड मात्र अजून आलेले नाही. सध्या त्यात साळुंकीने बिऱ्हाड केले आहे, आणि तिला उठवायचे की राहू द्यायचे यावर दोन्ही घरांत चर्चा चालू आहे.